किडनीच्या पेशींवर ‘तपासलेलं’ म्हणजे नेमकं काय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी यावल तालुक्यात केळीची बाग आहे. मागच्या महिन्यात गावात एका तणनाशकाचा प्रतिनिधी आला होता. त्याच्या पत्रकावर छापलं होतं, ‘मानवी किडनीच्या पेशींवर तपासलेले, पूर्ण सुरक्षित’. तो म्हणाला, आता हातमोजे आणि मास्कची कटकट नको. आमचा सालदार मोजे घालायला आधीच कुरकुर करतो, त्याला तर बरंच झालं. आईनं मात्र पत्रक हातात घेऊन विचारलं, “हाई औषध शे का जहर?” ताई, माणसाच्या किडनीच्या पेशी या लोकांना मिळतात कुठून? आणि त्यांच्यावर तपासलं म्हणजे खरंच सुरक्षित समजायचं का?
– एक केळी उत्पादक, यावल

उत्तर : भाऊ, सालदाराला मोजे आजच परत घालायला लावा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

पेशी कुठून येतात ते आधी सांगते. कुणाची धडधाकट किडनी कापून आणत नाहीत. एखाद्या रुग्णाच्या किडनीत गाठ होते, ती किडनी काढावी लागते. अशा वेळी गाठीपासून दूरचा निरोगी तुकडा रुग्णाच्या संमतीनं प्रयोगशाळेला देता येतो. तो बारीक करायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि पोषक द्रवात वाढवायच्या. पण अशा ताज्या पेशी फार टिकत नाहीत. मोजक्याच वेळा विभागतात आणि थकतात. म्हणून १९९४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी किडनीतल्या पेशींमध्ये एका विषाणूची जनुकं घातली आणि त्या न थकता वाढत राहतील असं केलं. एचके-२ नावानं त्या आज जगभर वापरात आहेत. आपल्याकडे पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, त्यांच्याकडे अशा पेशींचं भांडार आहे आणि देशभरातल्या प्रयोगशाळा तिथून पेशी मागवतात. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, बोटाएवढ्या कुप्यांत त्या वर्षानुवर्षं राहतात आणि नीट उबवल्या की पुन्हा वाढू लागतात.

आता किडनीच का? दोन्ही किडन्या मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम भरतात, पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं पाणी, मीठ, साखर परत रक्तात घ्यायचं काम गाळणीपासून निघणाऱ्या बारीक नळ्या करतात, आणि त्यातलं मोठं काम नळीच्या अगदी पहिल्या भागातल्या पेशी करतात. पाणी परत गेलं की मागं उरलेलं रसायन दाट होत जातं. शिवाय या पेशींना खास दारं असतात. रक्तातलं नको ते द्रव्य ओळखायचं, आत ओढायचं आणि पलीकडे लघवीत सोडायचं, हे त्या दारांचं काम. घात होतो तो इथेच. कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन असो की पॅराक्वाट हे तणनाशक, ही रसायनं या दारांतूनच पेशीत शिरतात. शरीरातल्या दुसऱ्या पेशींना जेवढं विष पोचतही नाही, तेवढं ही पेशी स्वतःहून आत घेते.

चाचणी कशी होते तेही सांगते, कारण मी हे काम पुण्यात बरीच वर्षं केलं आहे. पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान, पारदर्शक प्लास्टिकची प्लेट असते, तिला ९६ खाचा. प्रत्येक खाचेत काही हजार पेशी सोडायच्या आणि ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर ठेवायच्या. त्या तळाला चिकटतात, पसरतात. मग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला रसायनाची मात्रा वाढवत न्यायची. चोवीस, अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांनी एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. १९८३ मध्ये ही पद्धत आली आणि अजूनही सगळीकडे चालते. जिवंत पेशी त्या पिवळ्या द्रव्याचे जांभळे स्फटिक करते, मेलेली करत नाही. तीन-चार तासांनी स्फटिक विरघळवले की प्लेटवर डोळ्यांनाच दिसतं : डावीकडे गर्द जांभळं, मध्ये फिकट होत गेलेलं, उजवीकडच्या शेवटच्या खाचा नुसत्या पिवळ्या. यंत्र त्या रंगाचा आकडा देतं, पण अनुभवी माणसाला उजेडात प्लेट धरली की अर्धं उत्तर कळतं.

ही चाचणी चांगली आहे आणि गरजेची आहे, हे मी ठामपणे म्हणते. हजारो रसायनांपैकी कुठलं जास्त घातक, हे तिनं लवकर आणि कमी खर्चात कळतं. पण तिचा जोर एकाच दिशेला चालतो. पेशी मेल्या तर सावध व्हायचं. पेशी जगल्या, तर त्या मात्रेत, तेवढ्या तासांत, त्या प्रकारच्या पेशी जगल्या, इतकंच आणि एवढंच. ‘पूर्ण सुरक्षित’ हे दोन शब्द त्या प्लेटमधून कधीच निघत नाहीत. पत्रक छापणाऱ्यानं ते पदरचे घातले आहेत.

का ते बघा. एचके-२ पेशी किडनीच्याच, पण प्लास्टिकवर वाढता वाढता त्यांनी आपली बरीच दारं गमावलेली आहेत. पॅराक्वाट ज्या दारातून आत येतं ते ओसीटी-२ नावाचं दार त्यांच्यात सापडत नाही. मग त्यांच्यावर असं रसायन टाकलं आणि त्या मेल्या नाहीत, तर रसायन सौम्य म्हणायचं की आत शिरायला वाटच नव्हती म्हणायचं? ज्या प्रयोगशाळा हे काम गांभीर्यानं करतात त्या दारं शाबूत असलेल्या ताज्या पेशी घेतात, किंवा ती दारं जनुकांमार्फत पुन्हा बसवलेल्या पेशी घेतात. तुमच्या पत्रकावर पेशींचं नाव होतं का? नसणार.

दुसरं म्हणजे चाचणी कशाची केली? पुष्कळदा शुद्ध मूळ रसायनाची करतात. बाटलीत नुसतं ते नसतं. पानावर पसरावं, चिकटावं म्हणून त्यात साबणासारखे घटक आणि द्रावक असतात. ग्लायफोसेटच्या काही तणनाशकांच्या बाबतीत तर प्रयोगशाळेत असं दिसलं आहे की मूळ ग्लायफोसेटपेक्षा त्यात घातलेला हा फेसाळ घटकच पेशींना जास्त मारक आहे. तुमचा सालदार शुद्ध रसायन फवारत नाही, बाटलीतलं सगळं फवारतो.

आणि तिसरं, बहात्तर तास. सालदार वर्षाकाठी किती वेळा पंप पाठीवर घेतो ते तुम्हालाच माहीत.

पॅराक्वाटचं नाव मी मुद्दाम दोनदा घेतलं. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे, आपल्याकडे २४ टक्क्यांचं अजून विकलं जातं. त्यावर उतारा नाही. पोटात गेलेला एक-दोन घोट जीव घ्यायला पुरे होतो. ते शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचंच, आणि किडनीच आधी जायबंदी झाली की ते रक्तात साचतं आणि फुफ्फुसं धरतं. म्हणून ते, किंवा कुठलंच तणनाशक, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका. गोठ्यात अशी बाटली दिसली तर आजच नीट विल्हेवाट लावा. पंप गळका असेल तर वापरू नका. गळक्या पंपानं पाठीवरचा सदरा भिजतो, दिवसभर तसाच अंगावर राहतो आणि कातडीवाटे विष आत जात राहतं. खरचटलेल्या जागी तर फारच लवकर.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण मात्र बघत जा : लाल, पिवळा, निळा, हिरवा, या उतरत्या क्रमानं विषारीपणा. पण तो त्रिकोणही उंदरांवरच्या एका मात्रेच्या चाचणीवर ठरतो. हिरवा त्रिकोण म्हणजे वर्षानुवर्षं अंगावर घेतलं तरी किडनीला काही होणार नाही, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. त्या प्रतिनिधीला पुढच्या वेळी चार गोष्टी विचारा : कुठल्या पेशी, किती मात्रा, किती तास, आणि बाटलीतलं तयार तणनाशक तपासलं की नुसतं मूळ रसायन. तो अहवाल दाखवू शकला तर मला पाठवा, मी वाचून सांगेन.

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता.

प्रश्न : मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधानं लेकरं गेली, ती बातमी वाचल्यापासून मन लागत नाही. आम्ही रावेरला, बऱ्हाणपूर हाकेवर. इकडची औषधं तिकडे, तिकडची इकडे. किडनीच्या पेशींवर प्रत्येक बाटली तपासली असती तर हे टळलं असतं का?
– दोन मुलांची आई, रावेर

उत्तर : ताई, तुमची काळजी मला कळते. मीही त्या दिवसांत नीट झोपले नाही, कारण हे विष नवं नाही.

डायएथिलीन ग्लायकॉल त्याचं नाव. गोडसर, घट्ट, दिसायला ग्लिसरीनसारखं, आणि कारखान्यात वापरायचं रसायन. औषधाच्या पातळ सिरपमध्ये जे ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात त्यात याची भेसळ होते किंवा दूषित माल येतो. १९३७ साली अमेरिकेत यानं शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं, आणि तिथला औषध कायदा त्यामुळे बदलला. १९८६ मध्ये आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रुग्ण गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात पुन्हा लहान मुलं. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा. चालणारी मर्यादा ०.१ टक्का, आणि त्या सिरपमध्ये निघालं ४५ टक्क्यांच्या वर. सगळीकडे रुग्णांची लघवी बंद झाली, किडन्या बसल्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, आणि ते तुम्हाला अनपेक्षित वाटेल. किडनीच्या पेशींवर ते सिरप टाकलं असतं तर पेशी कदाचित जगल्याही असत्या.

२०११ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या संशोधकांनी माणसाच्या किडनीतल्या बारीक नळीच्या त्याच पहिल्या भागातल्या पेशी घेतल्या आणि त्यांच्यावर तीन द्रव्यं वेगवेगळी टाकली : मूळ डायएथिलीन ग्लायकॉल, यकृतात त्याचं रूपांतर होऊन बनणारं एक आम्ल, आणि त्यापुढचं दुसरं आम्ल, डायग्लायकोलिक आम्ल. मूळ रसायनानं पेशी मेल्या नाहीत. पहिल्या आम्लानंही नाहीत. मेल्या त्या तिसऱ्यानं. म्हणजे बाटलीतलं द्रव्य आधी यकृतात जातं, तिथं बदलतं, आणि बदललेलं रूप किडनीत येऊन साचतं. प्लेटमधल्या पेशींना यकृत नसतं. या एका प्रयोगानं दोन्ही गोष्टी दाखवल्या. वाढवलेल्या पेशींमुळेच खरा मारेकरी कोण ते कळलं, आणि एकट्या किडनीच्या पेशींवर विसंबलं तर तो कसा निसटू शकतो तेही कळलं. म्हणूनच आता काही संशोधक यकृताच्या आणि किडनीच्या पेशी एकमेकांना जोडून, त्यांच्यामधून द्रव वाहता ठेवून चाचणी करू लागले आहेत.

पण छिंदवाड्याची लेकरं वाचवायला हे काहीच लागत नव्हतं. या विषाची ओळख रासायनिक चाचणीनं होते, गॅस क्रोमॅटोग्राफीनं, आणि ती औषध कारखान्यांना माहीत आहे. कच्च्या मालाचं प्रत्येक पिंप ते तपासायचं असतं. तपासलं नाही. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो यावाच असं मला वाटतं. शास्त्र कमी पडलं म्हणून ती मुलं गेली, असं कुणी म्हणू नये.

तुम्ही घरी काय करायचं? दोन वर्षांच्या आतल्या बाळाला खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही, पाचच्या आतल्यालाही सहसा नको. केंद्राच्या आरोग्य खात्याचीही हीच सूचना आहे. साधा सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. आणि कुठलंही औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, उलट्या होऊ लागल्या, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाटली सोबत न्यायची, फेकायची नाही. बाटलीवरच्या बॅच नंबरवरून पुढची मुलं वाचतात.

प्रश्न : आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मजूर बाया दिवसभर उन्हात, पाणी कमी पितात, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतात, काही जणी रोज. मी ‘किडनी खराब होईल’ म्हटलं तर म्हणतात, गोळ्या तर लॅबमध्ये तपासूनच येतात ना?
– एक आशा कार्यकर्ती, भुसावळ तालुका

उत्तर : तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्यांना समजावताना हे सांगा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी किडनीला इजा करते ती बहुतेक वेळा पेशीला थेट मारून नव्हे. शरीरात पाणी कमी पडलं की किडनी स्वतःच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवते. दुखण्याची गोळी तीच द्रव्यं बनू देत नाही. मग उन्हानं आटलेल्या अंगात किडनीचा रक्तपुरवठा घटतो. प्लेटमधल्या पेशींना रक्तवाहिन्याच नसतात, घाम येत नाही, भुसावळचं ऊन लागत नाही. ही इजा त्या चाचणीत दिसायची कशी?

गिधाडांचं उदाहरण त्यांना सांगितलं तरी पटेल. ढोरांना डायक्लोफेनॅक टोचायचे, गाई-बैलांना ते सोसायचं. तीच ढोरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडांच्या किडन्या बसल्या. युरिक आम्ल बाहेर पडेना, आतल्या अवयवांवर त्याचा पांढरा थर चढला. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं. तोवर आभाळ रिकामं झालं होतं. गाईला चाललं म्हणून गिधाडाला चालत नाही, आणि सावलीत बसलेल्याला चाललं म्हणून उन्हात कापूस लावणाऱ्या बाईला चालेलच असं नाही.

आधी पाणी, मीठ-साखर घातलेलं. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेतच. ज्यांना आधीच साखर किंवा बीपी आहे त्यांची क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. नुसतं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून सोडू नका, किडनीचं निम्मं काम गेल्यावरही ते कित्येकदा नॉर्मलच दिसतं.

प्रश्न : आम्ही जैन. औषधांसाठी मुक्या जनावरांना मारतात हे मनाला लागतं. पेशी वाढवून चाचणी केली तर हिंसा थांबते का?
– एक ज्येष्ठ वाचक, जळगाव

उत्तर : काका, कमी होते. थांबत नाही. तुम्हाला गोड वाटेल असं अर्धवट सांगणं मला जमणार नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

१९५८ साली अमेरिकेत मॅडिन आणि डार्बी या दोघांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून पेशी वाढवल्या. त्या एका जनावराच्या पेशी आजही जगभर वाढताहेत आणि हजारो प्रयोग त्यांच्यावर झाले. १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या किडनीतून व्हेरो पेशी तयार झाल्या, त्यांच्यावर आज लशीही वाढवतात. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या २०१४ पासून बंद आहेत. आणि मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल करून पेशींवरच्या आणि अवयवांच्या चिपवरच्या, म्हणजे छोट्या पट्टीवर पेशी वाढवून अवयवाची नक्कल करणाऱ्या, चाचण्यांना केंद्र सरकारनं कायद्यात जागा दिली. हा बदल मोठा आहे.

पण या पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्यात पुष्कळदा गाईच्या पोटातल्या, अजून न जन्मलेल्या वासराच्या रक्तातला द्रव मिसळलेला असतो. गाय कत्तलखान्यात कापताना तो मिळवतात. हे तुम्हाला माहीत असायला हवं. त्याशिवाय वाढणारी माध्यमं निघाली आहेत, किडनीच्या काही पेशी त्यात चांगल्या वाढतात, फक्त महाग पडतात. तुम्ही किंवा तुमच्या संघानं एखाद्या महाविद्यालयाला मदत करायची ठरवली, तर ‘वासराच्या सीरमशिवायचं माध्यम वापरा’ ही अट घाला. ती अट मान्य होण्यासारखी आहे.

प्रश्न : मी धुळ्याला एम.एस्सी. करतेय. सातपुड्यातल्या एका मुळीचा अर्क ‘किडनीसाठी चांगला’ म्हणतात, तो किडनीच्या पेशींवर तपासायचा प्रोजेक्ट सरांनी दिलाय. मी काय सांभाळू?
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : बेटा, सगळ्यात आधी ती मुळी वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून ओळखून घे, आणि नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेव. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या औषधात नावसारखेपणामुळे एका मुळीऐवजी दुसरीच गेली, अॅरिस्टोलोकिया कुळातली, आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली आहे. तिच्यातलं आम्लही वर सांगितलेल्या दारांतूनच पेशीत जातं आणि डीएनएला चिकटतं, म्हणून दारं नसलेल्या पेशींवर ते सौम्य दिसू शकतं. पाड्यावरच्या वैदूंनी दिलेलं नाव वहीत लिही, पण त्यावर थांबू नकोस.

आता प्लेट. अर्क रंगीत असतो, आणि वनस्पतींमधले कित्येक घटक पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी पेशी नसलेली एक खाच ठेवच, तिचा आकडा वजा कर. नाहीतर मेलेल्या पेशी जिवंत दिसतील आणि ‘मुळी किडनीला वाचवते’ असा निष्कर्ष निघेल. असे शोधनिबंध मी पाहिले आहेत. एमटीटीच्या जोडीला एक वेगळी चाचणी कर, न्यूट्रल रेड किंवा एलडीएच. दोन्ही एकच सांगत असतील तरच लिही.

तुलनेसाठी सिस्प्लॅटिन वापरशील. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नकोस. डीएमएसओ त्याला धरून ठेवतं आणि त्याचा विषारीपणा जातो. सलाइनमध्ये कर. अर्क डीएमएसओमध्ये केलास तर तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेल्या खाचा वेगळ्या ठेव.

द्रवाच्या रंगावर रोज नजर ठेव. गुलाबी-लाल असतो, पिवळट झाला की आम्ल वाढलंय, म्हणजे पेशी दाटल्यात नाहीतर जंतू शिरलेत. मायकोप्लाझ्मा नावाचा अगदी बारीक जंतू मात्र रंगानं कळत नाही, त्याची तपासणी वेगळी करून घे. तुमच्याकडे एमडीसीके, म्हणजे वर सांगितलेल्या त्या कुत्रीच्या पेशी असतील, तर प्लेटमध्ये घालण्याआधी फ्लास्क दाट भरू दे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघ. पेशींच्या सलग थरावर जागोजागी गोल फुगवटे दिसतील, काही नजरेच्या पातळीवर, काही थोडे वर. पेशी वरचं मीठ-पाणी ओढून थराखाली सोडतात आणि थर तिथं तळापासून सुटून वर येतो. किडनीत जे काम करायच्या तेच काम त्या प्लास्टिकवर करत असतात. अर्क घातल्यावर फुगवटे आधी बसतात की रंग आधी उतरतो, हे नोंदव. फुगवटे लवकर बसले, तर पेशी जिवंत असूनही तिचं काम बंद पडलंय, आणि एमटीटी तुला ते सांगणार नाही.

पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवायला घातल्या तो आकडा, वहीत रोज लिही. फार जुन्या पॅसेजच्या पेशी सरांनी दिल्या तर नव्या कुपीसाठी त्यांच्याकडे आग्रह धर, पुण्याहून मागवता येते.